कळमेश्वरची वाट आणि उतारवयातील बलसाधना

नागपूरच्या काटोल नाक्यावरून निघालेला रस्ता फेटरी मागे टाकतो आणि थोड्याच वेळात तुम्हाला कळमेश्वरात आणून सोडतो. आगगाडीने यायचे असेल, तर नागपूर–इटारसी मार्गावर याच नावाचे स्थानक आहे. तालुक्याचे हे गाव दोन प्रकारच्या कष्टांवर उभे आहे. भोवताली संत्र्याच्या बागा आहेत आणि लगतच्या औद्योगिक वसाहतीत पोलादी पत्र्यांचे कारखाने आहेत. देवदर्शनासाठी धापेवाडा आणि आदासा जवळच आहेत; तिकडे आपण जाणारच आहोत. पण त्याआधी, वाचकहो, इथली माणसे ओझे कसे उचलतात ते जरा थांबून पाहा.

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की बागेतून फळांनी भरलेले क्रेट निघतात. मजूर गुडघ्यांत वाकतो, क्रेट पोटाशी धरतो आणि मांड्यांच्या जोरावर उठतो. कंबर वाकवून, हात लांब करून तो कधीच उचलत नाही. व्यायामशाळेत नवख्याला पहिल्या दिवशी जे शिकवले जाते, ते या माणसाला कुणी न शिकवता येते. आता त्याच घराच्या ओसरीवर बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थांकडे पाहा. चाळीस वर्षे त्यांनीही हेच केले. आज त्यांनी पाण्याचा गुंड उचलायला हात पुढे केला, की सून म्हणते, “बाबा, राहू द्या, मी घेते.” सासूबाईंच्या हातातली बादली मुलगा घेतो, दळणाची पिशवी नातू घेतो. हे सारे प्रेमापोटी होते, याविषयी शंका नाही. परंतु या प्रेमाची किंमत स्नायूंना मोजावी लागते.

स्नायूंचा ऱ्हास तरुणपण ओसरताच सुरू होतो आणि साठीनंतर त्याला वेग येतो. वयाबरोबर येणाऱ्या या क्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे शास्त्रीय नाव 1989 मध्ये मिळाले; आपल्या आजी मात्र “हातापायांतला जीव गेला” असे पूर्वीपासून म्हणत आल्या आहेत. पाटावरून उठताना भिंत धरावी लागते, एसटीची पहिली पायरी उंच वाटू लागते, रात्री शौचालयातून उठताना तोल जातो. पुढे एखादे दिवशी पडणे होते, खुबा मोडतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो.

तुमच्या घरी याची चाचणी आजच घेता येईल. बिनहाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि बसा. पाच उठाबशांना 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर बळ घटू लागले असावे, असे आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये सुचवले आहे. उठताच आले नाही, तरी खचून जाऊ नका. तुमची सुरुवात कुठून करायची, एवढेच त्यातून समजते.

बलसाधना आरंभण्याचे वय उलटून जाते का? 1990 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे, वृद्धांच्या एका निवासी रुग्णालयात, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. याच संशोधकांनी 1994 मध्ये शंभर अशक्त वृद्धांवर केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना केवळ पौष्टिक पेय दिले आणि व्यायाम दिला नाही, त्यांची दुर्बलता हटली नाही. औषधांच्या दुकानात शक्तिवर्धक डबे मागणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. डबा आणून देणे सोपे असते, त्यामुळेच तो घरोघरी दिसतो.

आपल्याकडची परंपराही काही केवळ तरुणांची नव्हे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1897 मध्ये युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलोपासकाची साधने मागवून दहा वर्षे नेमाने शरीर कमावले. पुढे 1908 मध्ये, चाळिशीत, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी ते कधी सोडले नाहीत. त्यांचे याविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनहून 1938 मध्ये निघाले, तेव्हा ते सत्तरीचे होते. आणि कळमेश्वर तालुक्यातील गोंडखैरीवरून जाणारा महामार्ग ज्या अमरावतीला पोहोचतो, तिथे 1914 मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे; 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. या मातीला जोर-बैठका नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. फक्त बैठक खुर्चीपर्यंत आणि जोर भिंतीपर्यंत आणायचे.

ते असे. आठवड्यातून तीन दिवस ठरवा, मध्ये एकेक दिवस विश्रांतीचा. नागपूरकडचा उन्हाळा ठाऊक असलेल्यांना सांगायला नको, की वेळ सकाळचीच हवी. प्रथम पाच मिनिटे अंगणात चाला. मग खुर्चीवरून उठणे-बसणे सहा-आठ वेळा. जमत नसेल तर आसनावर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. त्यानंतर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, तळवे भिंतीला टेकवून तितकेच जोर. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचला आणि सावकाश खाली आणा. शेवटी पाण्याची बाटली कोपरातून वाकवून वर घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ती अर्धी भरून प्रारंभ करता येतो. शेजारी पोलादाचे कारखाने असले, तरी लोखंडाच्या तबकड्यांची गरज पहिले काही महिने मुळीच पडत नाही.

शेवटच्या दोन आवृत्त्या जड वाटल्या पाहिजेत, पण बोलता येईल इतका श्वास उरला पाहिजे. जोर लावताना श्वास सोडा. तो कोंडून धरल्यास रक्तदाब एकदम चढतो. बारा आवृत्त्या सहज होऊ लागल्या की उशी काढा, बाटली पूर्ण भरा. इथेच बहुतेकांचे चुकते. वर्षभर तीच अर्धी बाटली उचलत राहिल्यास बळ वाढत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दंड फुगलेले दिसणार नाहीत, कारण आरंभीची वाढ मुख्यतः मज्जातंतूंची असते. ते स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात. एक-दोन दिवस अंग आंबणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी वेदना मात्र स्वाभाविक नाही.

छातीत दुखणे, चक्कर किंवा अचानक धाप लागल्यास तत्काळ थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, मधुमेहामुळे बिघडलेला दृष्टिपटल, नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा मणक्याचा अस्थिभंग असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून आरंभ करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाने साखर उतरू शकते हे लक्षात ठेवून गोड काही जवळ ठेवावे.

आहाराविषयी विदर्भाला फारसे शिकवण्याचे कारण नाही. निरोगी ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. साठ किलोच्या व्यक्तीला 60 ते 72 ग्रॅम. एक अंडे किंवा पेलाभर दूध सुमारे सहा ग्रॅम देते. घट्ट वरण, पाटवडी, हरभऱ्याच्या डाळीचा गोळाभात, दही असे प्रत्येक जेवणात काही ना काही हवे. रात्री चहा-पोळीवर भागवण्याची वृद्धांची सवय तेवढी मोडली पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दोन-तीन महिने हा क्रम चालल्यावर सावनेरच्या दिशेने निघा. चंद्रभागेच्या काठचे धापेवाडा हे विठ्ठलाचे स्थान विदर्भाची पंढरी म्हणून ओळखले जाते. तिथे सपाटीवर चालणे होते. नंतर आदासा. गणपतीचे हे जुने मंदिर टेकडीवर आहे, मूर्ती भव्य आहे आणि चढताना दर थोड्या वेळाने थांबून मागे वळून पाहण्यासारखा परिसर आहे. खरी परीक्षा उतरताना होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात, म्हणून न सरावलेले गुडघे तिथे लटपटतात. बरोबर आलेल्या मुलाने किंवा सुनेने एक पायरी खाली, किंचित बाजूला राहून उतरावे. हात जवळ असावा, पण दंड धरून ओढू नये. आधार किती आणि केव्हा घ्यायचा, हे उतरणाऱ्याला ठरवू द्यावे. प्रसादाची आणि पाण्याची पिशवी, पाठ सरळ राहील इतकीच भरलेली, आजींच्याच हाती असू द्या.