हे तर आपले अबजद!

उर्दूच्या तासाला ७८६ चा विषय निघाला की आम्ही मुलांना ‘अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन’ शिकवतो. हा क्रम अरबीपेक्षाही जुना आहे, हे मात्र आम्हाला गेल्या वर्षी उमगले. आम्ही तिघी शिक्षिकांनी एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातले होते. विषय होता, कैरोच्या गनिझातील यहुदी हस्तलिखिते. पहिल्याच दिवशी लिपी समोर आली: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. ‘अगं, हे तर आपले अबजद!’ आमच्यातली एक ओरडलीच.

अल्लाहचे नाव असलेला कागद पायदळी पडू नये, ही अदब यहुद्यांतही आहे. जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तातमधील बेन एझरा प्रार्थनाघरात असे फाटके कागद एका खोलीत टाकत. शतकानुशतके ते तिथेच साचले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतला मोठा भाग केंब्रिज विद्यापीठात नेला. तिथे आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. तौरातची पाने, दुआ, लग्नाचे करार, व्यापाऱ्यांचे हिशेब. इतकेच काय, लहान मुलांची अक्षरे गिरवण्याची पानेसुद्धा. अनेक पत्रांत अक्षरे इब्रानी, पण भाषा अरबी! कित्येक पत्रांच्या माथ्यावर ‘बिश्माख रहमाना’, म्हणजे ‘तुझ्या नावाने, हे रहमान’. सुलतान सलाहुद्दीनचे वजीर काजी अल-फाजिल यांचे यहुदी हकीम मूसा बिन मैमून यांच्या हातची पानेही त्यात आहेत.

घरी मात्र प्रश्न आला, ‘फिलिस्तीनच्या बातम्यांनी रोज काळीज तुटते, आणि तुम्हाला अभ्यासाला हेच मिळाले?’ प्रश्नामागचे दुःख आमचेही आहे. जुलमाचा निषेध करायलाच हवा. पण हजार वर्षांपूर्वी फुस्तातमध्ये अक्षरे गिरवणाऱ्या पोराचा त्यात काय दोष? शिवाय प्रेषितांनी (सल्ल.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना पत्रव्यवहारासाठी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली आणि त्यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली, अशी हदीस तिर्मिजीत आहे. इल्मला आपल्याकडे कुंपण नव्हते.

१९७२ साली येमेनमध्ये सनाच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना कुरआनची फार प्राचीन पाने सापडली. तीही अशीच अदबीने बाजूला ठेवलेली.

आमच्या मोहल्ल्यातही जीर्ण पानांचे गाठोडे दरवर्षी दफनासाठी जाते. यंदा आम्ही ते बांधण्याआधी उघडले. कुरआनची पाने अदबीने परत ठेवली. मात्र मधूनच कुणाच्या आजोबांचे खत निघाले, कुणाच्या नानीचा निकाहनामा. ते ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. भगिनींनो, तुमच्याही घरात असे गाठोडे असेल. ते देण्याआधी एकदा उघडून पाहा. आपल्या माणसांचे हस्ताक्षर त्यात असू शकते.