गाळलेली ओळ

तीन वर्षांपूर्वी धुळ्यातल्या एका मोडी वर्गात मी विद्यार्थ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की काहीही झालं तरी यंत्राला मोडी वाचता येणार नाही. समोर वीसेक जण बसले होते. काहींनी ते वहीत उतरवूनही घेतलं. ते वाक्य मी आज मागे घेतो. ते मी भीतीपोटी बोललो होतो, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

ज्यांनी मोडी कागद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लटकवत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. वाक्य कुठे संपलं याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात प्रत्येक कुलकर्ण्याचं, म्हणजे गावचं दप्तर लिहिणाऱ्याचं, वळण वेगळं. पारोळ्याकडच्या एका दप्तरात सरावलेला डोळा शिरपूरकडचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की पुन्हा अडखळतो. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या गुरुजींनी मला पहिलं वर्षभर एकच रुमाल वाचायला लावला. कंटाळून तक्रार केली तर म्हणाले, "माणूस ओळखीचा झाला की त्याचं अक्षर ओळखीचं होतं. तू अजून त्या कुलकर्ण्याच्या घरी राहायला गेलेला नाहीस."

अशी पंचवीस वर्षं गेली. मिळकतीचे कागद, वाटण्या, देवस्थानांच्या सनदा, कुणाच्या पणजोबांची पत्रं. पानामागे पैसे घ्यायचे, लिप्यंतर करून खाली सही करायची. २०२३ साली एकदम मागणी वाढली. कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तिचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, पुढे सगळ्या राज्यात गेलं, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कुणबी म्हणून ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी मोडीत. माझ्या दारात सकाळी सात वाजता माणसं उभी राहू लागली. जळगावहून, चोपड्याहून, साक्रीहून. त्या दिवसांत मला वाटायचं, आपलं आयुष्यभराचं शिकणं आता फळाला आलं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्याकडे एक जाड वही आहे. खानदेशातल्या दप्तरांत भेटलेली संक्षेपाक्षरं, निरनिराळ्या लेखकांची वळणं, गावांची जुनी नावं, मापं, सगळं तिच्यात टिपलेलं. वर्गात शिकवताना ती मी कधी उघडत नसे. मुळाक्षरं शिकवायचो, सोपी पत्रं वाचून घ्यायचो आणि तिथे थांबायचो. पोरं पुढे अडायची आणि अडलेला कागद घेऊन माझ्याकडेच यायची. त्यांनी अडावं अशी माझी इच्छा होती, हे लिहिताना हात जड होतो आहे. पण खरं तेच आहे.

माझी भाची जळगावला इंजिनीअरिंगला आहे. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "मामा, एक पान द्या ना. मोबाईलवर टाकून बघते." मी एका आंब्याच्या झाडावरून झालेल्या भांडणाची कैफियत दिली. काही सेकंदांत मजकूर आला. मायना, आशीर्वाद, कुशल, शेवटी तिथी. भाषा अगदी पेशवाईतली. मूळ कागदातला एक शब्दही त्यात नव्हता. वाचता आलं नाही तेव्हा यंत्राने आपल्या मनाने पत्र रचलं होतं, आणि अडखळल्याची खूण कुठेही ठेवली नव्हती. मी घरभर ते पान दाखवत फिरलो. भाची गप्प होती. तिचं तोंड उतरलेलं पाहून मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली. या वेळी तिने माझी जुनी लिप्यंतरं मागितली, मूळ पानांच्या फोटोंसह आणि सगळी एकाच कुलकर्ण्याच्या हातची. एक हस्ताक्षर शिकवता येतं असं साधन असतं म्हणाली. मी कुरकुरत साठेक पानं दिली. ती पंधरा दिवस खपली. मग यंत्राने कधीही न पाहिलेलं त्याच हाताचं पान तिने पुढे ठेवलं. ओळीमागे एखाद-दुसरा शब्द चुकत होता. बाकी बरोबर होतं. गुरुजींचं बोलणं मला तेव्हा आठवलं. यंत्रसुद्धा त्या कुलकर्ण्याच्या घरी राहून आलं होतं, आणि ते घर मीच दाखवलं होतं.

खरा धक्का त्यानंतरचा. तिने अकरा वर्षांपूर्वी मी वाचलेलं एक वाटणीपत्र त्यात घातलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून मोजत बसली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या तेहेतीस ओळी आहेत. याच्या चौतीस."

मी मूळ कागद काढला. खिडकीपाशी गेलो. दोन लागोपाठच्या ओळी 'पैकी उत्तरेकडील' अशाच सुरू होत होत्या. पहिली वाचून झाल्यावर माझा डोळा दुसरीच्या सुरुवातीवर बसला, तिथून थेट तिच्याखालच्या ओळीवर उतरला, आणि मधली अख्खी ओळ गळाली. मोडीत हा दोष जुना आहे. विद्यार्थ्यांना मी स्वतः तो सांगत आलो. गळालेल्या ओळीत होतं, की मयत भावाच्या विधवा बायकोला उत्तरेकडच्या विहिरीच्या पाण्याची आठ दिवसांतून एक पाळी द्यावी. खाली माझी सही होती. लिप्यंतर मुळाबरहुकूम असल्याबद्दल.

त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत घेऊन अमळनेर तालुक्यातल्या त्या गावी गेलो. कागद कोर्टात वापरला गेला नव्हता, हे त्या घराचं आणि माझंही नशीब. घरात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते. त्यांना सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. ते रागावले नाहीत. कागद हातात धरून एवढंच विचारलं, "मन्ही आजीनं नाव शे का यामा?" शे, म्हणालो, आणि ओळीवर बोट ठेवलं. ते वाचू शकत नव्हते. बराच वेळ त्या जागेवर अंगठा ठेवून बसून राहिले.

यंत्र माझ्यापेक्षा शहाणं आहे असं मी म्हणत नाही. त्याच वाटणीपत्रात 'रुपये ५॥' लिहिलेले होते. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. साडेपाच रुपये. यंत्राने वाचले ५११. दुसऱ्या एका कागदात तारखेआधी 'छ' होता. ती मुसलमानी महिन्यातल्या तारखेची खूण. यंत्राने तो पुढच्या शब्दाला जोडून भलताच शब्द केला. 'सन इहिदे सबैन मया व अलफ' ही अक्षरं त्याने बिनचूक वाचली, पण तो सुहूर सन ११७१, म्हणजे इसवी १७७०-७१, हे त्याला विचारूनही धड सांगता आलं नाही. आणि सगळ्यात घातक चूक एका जन्मनोंदीच्या रजिस्टरात. जातीच्या रकान्यात नुसतं 'कु' आणि पुढे संक्षेपाची खूण. यंत्राने 'कुंभार' लिहून टाकलं. असं अक्षर माणसानेही फोडून लिहायचं नसतं. जे आहे तेवढंच लिहायचं, त्याच हाताच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी पाहायच्या आणि टीप द्यायची. एका अक्षरावर एका घराच्या तीन पिढ्यांचे दाखले अडतात.

एवढं पाहिल्यावर माझा विचार बदलला, आणि तो दोन ठिकाणी बदलला. यंत्र मोडी वाचणार नाही असं मी म्हणत होतो, ते चूक ठरलं. मग काही महिने मला वाटत राहिलं की आता मोडी शिकून कुणाचं पोट भरणार नाही, आणि भाचीच्या मैत्रिणीला मी तसं सांगितलंही. तेही चूक होतं. लोक मला अक्षर ओळखण्याचे पैसे देतात असं मी समजत होतो. अक्षर ओळखणारे थोडे होते म्हणून तसं भासत होतं. खरं काम पुढे होतं. बु॥ म्हणजे बुद्रुक आणि खु॥ म्हणजे खुर्द, पण कागदातलं गाव एरंडोलकडचं की यावलकडचं हे शेजारच्या शिवाराच्या नावावरून ठरतं. बिघा केवढा, पांड किती, पाळी म्हणजे काय, 'बिन'पुढचं नाव बापाचं की घराण्याचं, आणि शेवटी सही. चूक निघाली तर एसटीत बसून त्या घरी जाणारा कुणीतरी लागतो.

आता मी यंत्र वापरतो. पण आधी मूळ पान स्वतः वाचतो, शंकेच्या जागा पेन्सिलीने टिपतो आणि मगच यंत्राचं वाचन उघडतो. हा क्रम उलटा झाला की घात होतो. छापलेला शब्द एकदा डोळ्यांसमोर आला की मूळ अक्षरही तसंच दिसू लागतं. मग ओळी मोजतो. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे थांबतो. गिऱ्हाइकाचा कागद त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही मोबाईल ॲपमध्ये घालत नाही. जात आणि जमीन दोन्ही त्यात असतात. दिवसाला पूर्वीपेक्षा जास्त पानं होतात, पानामागचा दर मी कमी केला आहे, आणि उरलेला वेळ गावं आणि नावं शोधण्यात जातो. मला वाटतं, इतक्या वर्षांत मी इतका चांगला वाचक कधी नव्हतो.

हे फक्त मोडीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' नावाचं भाषांतराचं साधन आणलं. त्यातून निघालेलं मराठी भाषांतर तपासायला माणसं लागतातच. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये टायपिंग आणि डीटीपी करणारे, कर सल्लागारांकडे नोंदी भरणारे, वकिलांकडचे मसुदे लिहिणारे माझ्या ओळखीचे आहेत. सगळे धास्तावलेले आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो, की आपल्या कामातला कुठला भाग गिऱ्हाइकाला येत नाही म्हणून आपल्याकडे आहे आणि कुठला आपण जबाबदारी घेतो म्हणून आपल्याकडे आहे, हे एकदा बसून वेगळं काढा. पहिला भाग जाणार आहे. त्याला कवटाळून बसू नका.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. माझा डोळा तयार झाला तो वर्षभराच्या रटाळ वाचनातून. ते रटाळ काम आता यंत्र करणार असेल, तर नवा वाचक घडणार कुठे? चूक पकडायला आधी हजारो पानं नजरेखालून जावी लागतात. मी माझ्यापुरता नियम केला आहे: वर्गात पहिले तीन महिने यंत्र बंद. बोरूने लिहायचं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. तीन महिने पुरतात का, हे अजून दोन-चार वर्षांनी कळेल.

आणि वहीबद्दल. आयआयटी रुरकी आणि पुण्याच्या सीओईपीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांचा देवनागरी लिप्यंतरासह एक संच पुढे आणला. त्यात २,०४३ प्रतिमा आहेत. शिवकाळापासून इंग्रजी अमलापर्यंतच्या सगळ्या मोडीसाठी ही संख्या केवढीशी! यंत्र कमी वाचतं याचं एक कारण मला त्या आकड्यात दिसलं. वाचलेलं पुष्कळ आहे, ते आमच्यासारख्यांच्या कपाटांत आहे. मी ज्या शहरात राहतो तिथे इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. गावोगाव पायपीट करून त्यांनी कागद जमवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापून सर्वांपुढे ठेवली. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळावरून मी आयुष्यभर जा-ये केली, आणि घरी येऊन माझी वही कुलपात ठेवली.

वही आता कुलपात नाही. भाचीने तिच्या पानांचे फोटो काढले आहेत, विद्यार्थी ती उतरवून घेत आहेत, आणि जिथे माझं वाचन चुकलं तिथे तेच लाल शाईने खूण करतात. धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये मोडी वाचणारे जे थोडे जण आहोत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आपापल्या वह्या बाहेर काढा. आणि ज्यांच्या माळ्यावर जुना रुमाल आहे त्यांनी तो रद्दीत देऊ नये. आधी कुणाला तरी दाखवावा.