ऐनाच्या फांदीला

डोलवीहून नागोठण्याकडे जाताना डाव्या हाताला डोंगर लागतात. चैत्रात तिथले ऐन पार उघडे पडलेले असतात. अशाच एका फांदीला टसर रेशमाचा कोष लोंबत होता; कठीण, राखाडी-तपकिरी. माझी नजर खिळली ती त्याच्या देठावर. वर जाऊन देठानं फांदीला घट्ट कडं घातलं होतं.

पानांत दडून, पानं खाऊनच मोठी झालेली ही हिरवी अळी. कोष करायची वेळ आली की दोन-चार पानं ओढून आडोसा करते, पण भार टाकते फांदीवर. पुढे पानं गळतात, कोष पावसाळ्यापर्यंत टिकतो. तिनं स्वतः उघडा ऐन कधी पाहिलेला नसतो.

याच ऐनाच्या फांद्या भाताच्या राबासाठी छाटतात. कडं दिसलं तर तेवढी फांदी राहू द्यावी, असं मला फार वाटतं.

तुतीवरच्या रेशीम अळीला झाडाची ही पारख लागतच नाही. हजारो वर्षं माणसाच्या घरात वाढून ती अशी झाली आहे की पाला संपला तरी शोधायला निघत नाही, थांबून राहते. जालन्याकडे माझ्या मावशीच्या शेतात मी हे पाहिलं. शेडच्या दारात चुना पसरलेला. हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही आणि तंबाखू मळलेल्या हातांना तर सक्त मनाई. तेवढ्यानंही अळ्या दगावतात. साधारण पंचवीस दिवसांत अळी चारदा कात टाकते. त्याआधी खाणं सोडून, डोकं वर उचलून निश्चल राहते. ‘झोपल्यात,’ मावशी म्हणायची आणि आमचेही आवाज खाली यायचे. चौथ्या झोपेतून उठल्या की मात्र घराचं वेळापत्रक अळ्यांच्या हाती. जन्मभरात लागणाऱ्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला त्या या शेवटच्या आठवड्यात फस्त करतात. फांद्या अंथरल्या की शेडभर चावण्याचा आवाज उठतो. मावशी ताटावर बसायची ती त्यानंतर. ‘यांचं झाल्याबिगर आपलं कसलं जेवण?’

मग अळी पिवळसर, आरपार दिसू लागते. तिला कोष विणायच्या जाळीवर, चंद्रिकेवर सोडतात. दोन ग्रंथींतले दोन तंतू तोंडाखालच्या छिद्रातून येतात, सेरिसिनच्या डिंकानं एक होतात. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं डोकं फिरवत ती दोन-तीन दिवस विणत राहते. हजार मीटरच्या आसपास, कुठेही न तुटलेला धागा! पतंग बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून आतला जीव उष्णतेनं मारतात. पैठणी नेसताना मला ते आठवतं, आठवायलाच हवं.

पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. २०१८ पासून जालन्यातच बाजार भरतो. मावशी आता सकाळी जाऊन दुपारी परत येते, आणि अळ्यांनी खाऊन उरलेला पाला शेळ्यांपुढे टाकते.