पाण्याचा बाक

बिरवाडीला काळ नदी आहे आणि शेजारी महाडची औद्योगिक वसाहतही. त्यामुळे इथे साहित्याच्या माणसालाही रसायनशास्त्राकडे पाठ फिरवता येत नाही. निदान वारा फिरल्यावर तरी नाहीच. आम्ही वर्षानुवर्षे कविता शिकवली. शब्दाचे वजन त्याच्या जागेवर ठरते, हे वर्गात सांगून सांगून आमचा घसा बसला. रेणूंचेही तसेच असते, हे मात्र फार उशिरा वाचनात आले.

कार्बन डायऑक्साइड घ्या. त्यातले दोन्ही ऑक्सिजन कार्बनकडचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, म्हणजे बंध दोन्ही ध्रुवीयच. पण तिन्ही अणू एका सरळ रेषेत असल्याने समान ओढी विरुद्ध दिशांना पडतात आणि बेरीज शून्य होते. पाण्यातही अणू तीनच. फक्त ते सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले. तिथे ओढी एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत. ऑक्सिजनच्या अंगाला थोडा ऋण प्रभार उरतो, हायड्रोजनांच्या अंगाला थोडा धन. १९३६चे नोबेल मिळवणाऱ्या पीटर डिबाय यांच्या नावाच्या एककात पाण्याचे माप १.८५ भरते, कार्बन डायऑक्साइडचे शून्य.

याहून आम्हांला मोहात पाडले ते कार्बन टेट्राक्लोराइडने. त्यात चार ध्रुवीय बंध, पण चतुष्फलकाच्या चार टोकांना इतके समतोल मांडलेले की एकंदर रेणू अध्रुवीय. एक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवा, क्लोरोफॉर्म होतो. तोल ढळतो आणि रेणू ध्रुवीय होतो. ओळीतला एक शब्द बदलावा, तसे. (गंमत म्हणजे 'ध्रुव' याचा मूळ अर्थ अढळ, स्थिर. आमच्या परिभाषाकारांनी तो शब्द तोल ढळण्याच्या पदरी बांधला. असो.)

पण हे सारे काळच्या काठी नुसते काव्य राहत नाही. पाण्याच्या त्या बाकामुळेच मीठ विरघळते: रेणूंची ऋण अंगे सोडियमभोवती जमतात, धन अंगे क्लोराइडभोवती, आणि स्फटिक उकलतो. कापड रंगवायचा रंग पाण्यात उतरावा म्हणून रसायनतज्ज्ञ त्याला मुद्दाम प्रभारित सल्फोनेट गट जोडतात. तेल किंवा टोल्युईन यांच्याशी मात्र पाण्याचे जमत नाही. ती वर तरंगतात.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांचे काम इथेच अवघड होते. तवंग वरून निपटून घेता येतो. विरघळलेले मीठ काढायचे तर पाणीच आटवावे लागते, नाहीतर दाबाने सूक्ष्म पडद्यातून रेटावे लागते. दोन्हींना ऊर्जा लागते आणि पैसाही. काळ पुढे सावित्रीला मिळते, सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला. पुलावरून खाली पाहणाऱ्याला तवंग तेवढा दिसतो. मीठ दिसत नाही.