लग्नसंस्थेस अनावृत पत्र: ते एक वाक्य

प्रिय लग्नसंस्थे,



तुझ्याबद्दल आजवर पुष्कळ बोलले, तुझ्याशी बोलायचं मात्र राहून गेलं. चाळीसहून जास्त वर्षं तुझ्या घरात काढली, तेव्हा एवढा हक्क मला असावा.

हल्ली जिथे जावं तिथे तुझी काळजी ऐकू येते. हळदीकुंकवाला, पंगतीत, सोसायटीच्या बाकावर. "लग्न म्हणजे पोरखेळ झालाय," असं कुणीतरी म्हणतं, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "आता तर पुरुष पुरुषाशी आणि बाई बाईशी लग्न करायचं म्हणते. मग उरलं काय?" पहिलं वाक्य मला बरंचसं पटतं. दुसऱ्या वाक्याने मात्र मला हे पत्र लिहायला बसवलं. कारण ज्यांच्याकडे हे बोट दाखवलं जातं, त्यांच्याइतकं तुला मनावर घेणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आधी माझं सांगते. माझं लग्न १९८३ च्या वैशाखात झालं. अंतरपाटाच्या अलीकडे मी मान खाली घालून उभी होते. जे म्हणायचं ते सगळं भटजी म्हणत होते. वराने तीनदा 'नातिचरामि' म्हणायचं असतं, ते ह्यांनी भटजींच्या मागोमाग म्हटलं. 'मी मर्यादा ओलांडणार नाही' असा त्याचा अर्थ आहे, हे आम्हा दोघांनाही नंतर कधीतरी कळलं. माझ्या तोंडून त्या दिवशी आलेले शब्द म्हणजे एक उखाणा, आणि तोही मामीने पाठ करून घेतलेला. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण तुला मी माझ्या तोंडाने 'हो' कधी म्हटलं, हे आठवून पाहते तेव्हा तो क्षण काही सापडत नाही.

तो क्षण मला दुसरीच्या लग्नात दिसला. १९८९ साली माझ्या मैत्रिणीने पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा मी साक्षीदार होते. मुलगा वेगळ्या जातीचा होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात आणि तीस दिवस थांबावं लागतं. ते तीस दिवस ती धड झोपली नाही. कुणा ओळखीच्याने फलक वाचला तर? एकतिसाव्या दिवशी आम्ही गेलो. एक टेबल, एक जाडजूड रजिस्टर, वर करकरणारा पंखा. आम्ही हार काढायला लागलो तर विवाह अधिकारी म्हणाले, "हार नंतर. आधी एकमेकांकडे बघून वाक्य म्हणा."

कायद्यात ते वाक्य आहे. दोघांनी, तीन साक्षीदारांसमोर, आपल्याला कळणाऱ्या भाषेत एकमेकांना म्हणायचं असतं की मी तुमचा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करते, करतो. मुहूर्त नसला तरी चालतो, वाक्य नसेल तर लग्न पुरं होत नाही. मैत्रिणीचा आवाज फुटेना. पाण्याचा पेला दिला, दोन घोट घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली आणि ते वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. मग माझ्यापुढे रजिस्टर आलं. सही करताना माझा हात थरथरला, कारण हे मी ऐकलंय असं मी लिहून देत होते. तुझं वजन मला पहिल्यांदा कळलं ते त्या दिवशी.

तेव्हापासून तुला मनावर घेणं म्हणजे काय, याचं माझं उत्तर ठरून गेलं आहे. ते वाक्य ज्याचं त्याने, समजून, चारचौघांत म्हणायचं आणि पुढे आयुष्यभर त्याला बांधून घ्यायचं.

तुझा आपल्याकडचा इतिहास मी याच नजरेने वाचते. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली रखमाबाई मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्या वयात मी संमती दिलीच नव्हती, हे तिचं म्हणणं होतं. १८८७ मध्ये तिला सांगण्यात आलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे ती डॉक्टर झाली. लग्नसंस्था बुडवणारी बाई म्हणून तेव्हा तिच्यावर काय काय लिहिलं गेलं! माझ्या मते त्या सबंध वादात तुला सर्वांत गांभीर्याने घेतलं ते तिनेच. 'हो' म्हटल्याशिवाय लग्न नाही, एवढंच तर ती सांगत होती.

जोतीरावांच्या सत्यशोधक विवाहातही तेच. १८७३ मध्ये तो सुरू झाला. त्यात भटजी नाही आणि वधूवर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. माझ्या लग्नाच्या एकशेदहा वर्षं आधी एका नवरीने मांडवात तोंड उघडलं होतं. मी मात्र उखाण्यावर थांबले. १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने, मुरुडने, बहिष्कार घातला. तेव्हाही हीच आरोळी होती, आता लग्नाचं पावित्र्य राहिलं कुठे? दर वेळी तुझं मरण जाहीर झालं, आणि दर वेळी तू थोडी अधिक माणसांत आलीस.

आता पोरखेळाचं. खेळ चालू आहे, हे खरं. पण तो कोण खेळतंय? लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी किल्ल्यावर दोन दिवस जातात, आणि पुढे पैसा कसा सांभाळायचा, आईवडिलांना कुणी बघायचं, यावर दोन तास बोलणं होत नाही. अक्षता पडतात त्या कॅमेरेवाल्यांच्या पाठीवर. बाप शेत गहाण टाकून हॉल घेतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, आणि २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीचे सहा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशी ते चोविशीतल्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे बावीस जणींचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालेलं आढळलं. त्या मुलींना ते वाक्य म्हणण्याचं वयच नव्हतं. आणि सज्ञान बायकोचा नकार अजूनही कायद्याच्या लेखी बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. भारतीय न्याय संहिता नवी आली, तो अपवाद जुनाच राहिला. एकदा मांडवात उभी राहिली की तिचा होकार कायमचा गृहीत! तुझी अवहेलना बघायची असेल तर ती इथे आहे. आणि हे सगळं एका स्त्रीच्या आणि एका पुरुषाच्या लग्नातच घडतं आहे.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

माझा भाचा आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं एका घरात राहतात. जोडीदार बार्शीकडचा, घरी ज्वारीची शेती. समलिंगी विवाहाची मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असं केंद्र सरकारने न्यायालयात म्हटलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्या वडिलांना दाखवायला पाहिजे हे." २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयात या मागणीवर दहा दिवस सुनावणी झाली. दोघांनी ती ऑफिस सांभाळून ऐकली. विशेष विवाह कायद्याचं चौथं कलम 'कोणत्याही दोन व्यक्ती' असं सुरू होतं आणि पुढे पुरुष एकवीस, स्त्री अठरा असं म्हणतं. पहिल्या शब्दांवर त्यांची सगळी आशा, दुसऱ्यांवर सगळी भीती. मी आपलं केळवण ठरवून टाकलं, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. दोन उपरणी आणून ठेवली.

१७ ऑक्टोबरला निकाल आला. नवरात्राची तिसरी माळ होती. मी घटावर माळ चढवून टीव्हीसमोर बसले. विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. निदान सहजीवनाला कायदेशीर मान्यता असावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत होतं. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी ते मानलं नाही. कायदा करायचा तर संसदेने करावा, असं म्हणून विषय तिच्यावर सोडला गेला. पुढे ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

केळवण मी रद्द केलं नाही. पुरण घातलं, ताटांभोवती महिरप काढली. दोघं पाटावर बसले. जोडीदाराने ताटाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, आता कशाचं केळवण?" मला उत्तर सुचलं नाही, मी तूप वाढलं. जेवणानंतर मी उपरणी पुढे केली आणि म्हटलं, देवासमोर गाठ मारते, आम्ही घरचे आहोतच. भाच्याने उपरणं कपाळाला लावलं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाला, "तुमच्याकडेच ठेवा. नोंदणीच्या दिवशी द्या. तोवर खोटंखोटं नको."

लग्नसंस्थे, हे मला तुझ्या कानावर घालायचं होतं. घरगुती सोहळा त्यांना कुणी अडवला नव्हता. हार, फोटो, मेजवानी, सगळं हाताशी होतं. त्यांना हवं होतं ते रजिस्टर, तीन साक्षीदार आणि ते वाक्य. त्याच्याशिवायचं लग्न त्यांना खोटं वाटलं. तुझा एवढा मान आमच्या घरातल्या किती लग्नांत राखला गेला?

आक्षेप घेणारी सगळी माणसं दुष्ट नाहीत, हेही मला माहीत आहे. माझी मोठी जाऊ म्हणते, लग्न वंशासाठी असतं. पण साठीतली विधुर-विधवा लग्न करतात तेव्हा तीच जाऊ कौतुकाने अक्षता टाकते, आता एकमेकांना सोबत झाली म्हणते. ती सोबत तुझ्यात आधीपासून आहेच. काहींचं म्हणणं, पोटगी, वारसा, दत्तक यांचे कायदे पती आणि पत्नी हे शब्द धरून विणलेले आहेत, एक धागा ओढला तर वीण उसवेल. ही अडचण खरी आहे आणि ती बसून सोडवावी लागेल. हिंदू विवाह कायदा होईपर्यंतही धागे असेच गुंतलेले होते. त्यापायी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, तरी १९५५ मध्ये कायदा झालाच.

तरुण मुलं मला म्हणतात, "प्रेम आहे ना, कागद कशाला?" त्यांनाही मी भाच्याचंच सांगते. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना रेशन कार्डावर एक कुटुंब धरावं, संयुक्त बँक खातं उघडू द्यावं. चांगलं झालं. दोघांचा गहू एका कार्डावर येईल. पण उद्या एकाचं काही झालं तर दुसऱ्याला कायद्याने विधुर म्हणता येणार नाही. वारस म्हणून, मृत्युपत्र नसेल तर, तो कुठेच नसेल. कागदाची किंमत ज्याला तो मिळत नाही त्याला विचारावी.

तुझ्याकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. जे आत आहेत त्यांच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घे. भटजी असोत, पाद्री असोत, काझी असोत की विवाह अधिकारी, अर्थ कळल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देऊ नकोस. मी आणि ह्यांनी गेल्या पाडव्याला ते केलं. स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना, मराठीतून. इतक्या वर्षांनी म्हणतानाही ह्यांचा आवाज जड झाला आणि मला माझी मैत्रीण आठवली. आणि जे तुझ्या दाराशी ते वाक्य पाठ करून उभे आहेत, त्यांना ते म्हणू दे.

दोन्ही उपरणी माझ्या कपाटात आहेत. दर दसऱ्याला बाहेर काढते, ऊन दाखवते आणि पुन्हा घडी करून ठेवते. साक्षीदार तीन लागतात. मी, माझी बहीण, आणि बार्शीहून त्याचे वडील. गेल्या दिवाळीत त्यांनी आपण होऊन फोन करून विचारलं, "सहीला यायचं झालं तर किती दिवस आधी कळेल?"

तीस दिवस आधी, मी सांगितलं.

तुझ्या घरातली,
एक साक्षीदार