गंधवानीची तिसरी पुलिया

धावणं मला कधीच आवडलं नाही. शाळेत मैदानाच्या दोन फेऱ्या मारायच्या असल्या की माझ्या बुटाची लेस नेमकी पहिल्याच फेरीत सुटायची. देवासला आमच्या घरात व्यायाम म्हणजे माताजीची टेकडी. आजोबा पहाटे चढायचे, तुळजाभवानी आणि चामुंडा दोघींचं दर्शन घ्यायचे आणि चहाला घरी. बाबांना मात्र टेकडीला वेळ मिळाला नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी त्यांची बायपास झाली. मी चौतिसाचा, नोकरी खुर्चीवरची. रक्तदाब पाहून डॉक्टर एवढंच म्हणाले, "वडिलांची फाईल आहे ना घरी? एकदा वाचा."

त्याच वर्षी बदली गंधवानीला झाली. धार म्हटलं की आपल्याला पवार आणि किल्ला आठवतो. गंधवानी त्याच जिल्ह्यात, पण इथे माळव्याचं पठार संपून विंध्याचा उतार निमाडकडे जातो. भिल्ल-भिलालांचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले, मध्ये ताडाची झाडं, कपाशी, मका. जिम नाही, जॉगिंग ट्रॅक नाही. आहे तो जीराबादकडे जाणारा रस्ता.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात सुरुवात केली. पहिल्या दिवशी पहिल्या पुलियापर्यंतसुद्धा पोचलो नाही. सायकलवरच्या एकाने काळजीने विचारलं, "साहब, बस छूट गई क्या?" दुसऱ्या दिवशीही त्याने तेच विचारलं.

मग जरा वाचलं. जेफ गॅलोवे हा अमेरिकन धावपटू 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावला होता. त्याने नवशिक्यांना मध्येमध्ये चालायला सांगितलं, तेही दम लागायच्या आधी. मला हे फार पटलं (आळशी माणसाला चालायची परवानगी ऑलिंपियन देतोय!). एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, वीस मिनिटांत परत. आठवड्यातून तीनच दिवस. वेग एवढाच, की शेजारी कोणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या.

डिसेंबरात दुसरी पुलिया आली, म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटर. इथे मला शिंगं फुटली. पुढच्याच रविवारी एकदम सात केले. श्वास मस्त चालला होता, पण सोमवारी नडगीच्या हाडावर बोट ठेववेना. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात, आणि आपण दमालाच विचारून अंतर ठरवतो. तीन आठवडे घरी बसलो. त्यानंतर फक्त रविवारचं अंतर वाढवायचं, तेही अर्धा किलोमीटरने, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, असं ठरवलं. आई फोनवर म्हणाली, "कमी कशाला? मागे नाही का पडणार?" नाही पडलो.

हाटाच्या दिवशी रस्ता भरून जायचा. डोक्यावर टोपली, काखेत पोर, आणि कुठल्यातरी लांबच्या पाड्यावरून चालत आलेल्या बाया. त्यांना कोणी विचारत नसे, आज किती किलोमीटर झाले म्हणून. होळीच्या आधी भगोरिया भरला, तेव्हा मी घड्याळ घरी ठेवलं आणि मांदलच्या आवाजात चालतच फिरलो.

मार्च अखेरीस महुआ गळू लागला. पहाटे साडेपाचला मी सर्वांत आधी उठलोय या भ्रमात बाहेर पडायचो, तर झाडाखाली आजी आणि नाती फुलं वेचत बसलेल्या असायच्या. एका रविवारी आजीने थांबवलं. "इसका पैसा मिलता है?"

"नहीं, माताजी."

"तो फिर रोज क्यों?"

बाबांच्या फाईलचं मला हिंदीतून सांगता आलं नाही. म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. तिने मान हलवली आणि मूठभर फुलं हातावर ठेवली. ती खात चालत तिसऱ्या पुलियापर्यंत गेलो, कठड्यावर बसून बाबांना फोन लावला. तेही उठले होते. टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत आलोय, म्हणाले, पण वर जायचं धाडस होत नाही.

मी म्हटलं, दहा पायऱ्या चढा आणि बसा.