न विचारलेल्या अटी

जादूगार मुलींच्या गोष्टी जपानी टीव्हीला नव्या नाहीत. १९६६ मध्ये सॅली नावाच्या छोट्या जादूगारणीची मालिका तिथे सुरू झाली, १९९२ मध्ये 'सेलर मून' आली. मुलीच्या अंगावर झगमगीत पोशाख यायचा, दुष्टाचा पराभव व्हायचा आणि मुलगी घरी परतायची. २०११ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये दाखवली गेलेली 'पुएला मागी मादोका मागिका' ही बारा भागांची मालिका वरवर याच जातीची वाटते. गुलाबी केस, गोल चेहरे, रिबिनी. तिसऱ्या भागात मात्र मामी (हे त्या मुलीचं नाव आहे, नातं नव्हे) लढता लढता मारली जाते आणि ही गोष्ट लहानांच्या करमणुकीची नाही हे कळून चुकतं.

आम्ही उर्दू शाळेत आठवीला शिकवतो. मादोका आणि तिची मैत्रीण सायाका आमच्या वर्गातल्या मुलींच्याच वयाच्या, म्हणून मालिका पाहताना आमच्यातली शिक्षिका जागी होती. तिला जे दिसलं ते मांडावंसं वाटतं.

गोष्टीत क्यूबे नावाचा मांजरासारखा पांढरा प्राणी आहे. तो मुलीला म्हणतो, माझ्याशी करार कर, तुझी कुठलीही एक मुराद पुरी करतो. बदल्यात तू जादूगार होऊन चेटकिणींशी लढायचं. करार झाला की मुलीची रूह काढून एका रत्नात ठेवली जाते. ते रत्न शंभर मीटरहून दूर गेलं की शरीर मुडदा. निराशेने रत्न काळं पडत जातं आणि पूर्ण काळवंडलं की त्या मुलीचीच चेटकीण होते. मुलगी उमेदीतून निराशेत कोसळताना जी ऊर्जा निघते, तीच क्यूबेच्या जमातीला हवी असते. हे सगळं आधी का सांगितलं नाहीस, असा जाब विचारला की त्याचं उत्तर एकच: तुम्ही विचारलं नाही.

क्यूबे खोटं बोलत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, निम्मं सांगून गप्प बसणाऱ्याला कसं पकडणार?

आता या मुली मुराद कुणासाठी मागतात ते पाहा. सायाका मागते, व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्राचा निकामी झालेला हात बरा व्हावा. क्योको मागते, लोकांनी आपल्या धर्मोपदेशक बापाचं ऐकावं. होमुरा मादोकाला वाचवण्यासाठी काळ पुनःपुन्हा मागे फिरवते. मामी तेवढी स्वतःसाठी मागते, तेही अपघातात मरताना, जीव वाचावा म्हणून. क्योकोच्या बापाला खरं कळतं तेव्हा तो लेकीलाच चेटकीण म्हणतो आणि घरादाराचा आणि स्वतःचा जीव घेतो. सायाकाचा मित्र बरा होऊन दुसरीचा होतो. थकलेली सायाका रेल्वेच्या डब्यात दोन पुरुषांचं बोलणं ऐकते. आपल्यावर पैसे उधळणाऱ्या बाईची ते टिंगल करत असतात. अशा जगासाठी आपण लढलो का, असं तिला वाटतं आणि ती खचत जाते. लेखक गेन उरोबुची पुरुष आहेत. पण मुलींच्या कुर्बानीला त्यांनी हारतुरे घातलेले नाहीत, तिचा हिशेब मांडला आहे.

मालिकेतल्या मोठ्या बायका मोजक्याच. वर्गशिक्षिका साओतोमे बाई वर्गात आपल्या फसलेल्या प्रेमाची रडगाणी गातात, म्हणजे आमच्या पेशाच्या वाट्याला विनोद आला. मादोकाची आई जुन्को मात्र अस्सल उतरली आहे. ती नोकरी करते, बाप स्वयंपाक आणि बाग सांभाळतो आणि याचा कुणी गाजावाजा करत नाही. शेवटच्या संकटात लेक बाहेर निघते तेव्हा जुन्को तिला अडवते, थप्पडही मारते. मग विचारते, कुणी तुला फसवत तर नाही ना? साऱ्या मालिकेत हा प्रश्न विचारणारं मोठं माणूस ती एकटीच.

मादोका करार करते ती सगळ्या अटी कळल्यावर. कुठल्याही काळातल्या मुलीची चेटकीण होऊ नये, ही तिची मुराद. ती पुरी होते. पण मादोका जगातून पुसली जाते, आईलासुद्धा आठवत नाही. इथे आमचं मन अडतं. डोळे उघडे ठेवून निवड करणाऱ्या मुलीच्या वाट्यालाही शेवटी नाहीसं होणंच का यावं? २०१३ च्या 'रिबेलियन' चित्रपटात होमुरा तिला जबरदस्तीने परत ओढून आणते. ती जबरदस्ती आम्हाला पटत नाही, तिच्यामागची तडफड पटते.

ही गोष्ट जपानची आहे, पण असे करार आम्ही रोज पाहतो. दहावीआधी शाळा सोडणारी मुलगी सांगते, 'मिस, भाई पढ लेगा.' भावासाठी मागितलेली ही मुराद. घरचे तिला सयानी म्हणतात, तिने काय दिलं ते कुणी मोजत नाही. निकाहनाम्यात अटी लिहून घेता येतात, हेही कित्येकींना 'कबूल' म्हणून झाल्यावर कळतं. कुणी खोटं बोललेलं नसतं. तिने विचारलं नाही, एवढंच.

विचारायचं असतं हेच जिला कुणी शिकवलं नाही, ती काय विचारणार? मुलींना हिशेब शिकवतो, व्याकरण शिकवतो, तसं हेही शिकवायला हवं: होकाराआधी सगळं विचार, आणि निम्मंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचार. आणि मुलगी 'घरच्यांसाठी करते' म्हणाली की शाबासकी देण्याआधी आपण जुन्कोचा प्रश्न विचारावा.